आधी सोय, मग सक्ती

कर्नाटक व महाराष्ट्राच्या विधिमंडळांतील आणि संसदेतील लोकप्रतिनिधींना खुले पत्र

सन्माननीय आमदार आणि खासदार महोदय,



मतदानाची टक्केवारी घसरल्याची बातमी आली की आपल्यापैकी कुणीतरी मतदान सक्तीचे करा अशी मागणी करतो. संसदेत त्यासाठी खासगी विधेयके येऊन गेली. गुजरातेत तर कायदाही झाला. मत न देणाऱ्याला दंड करा, त्याच्या सवलती बंद करा, असेही सुचवले जाते. मी बसवनगुडीत राहणारी मतदार आहे. भाषा मराठी, नातेवाईक पुण्या-कोल्हापूरकडे आणि मत बंगळुरात. दोन्ही राज्यांचे राजकारण रोज कानावर पडते, म्हणून दोन्हीकडच्या प्रतिनिधींना हे एकच पत्र लिहिते आहे. प्रत्येकाने मतदान केलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तरीही आपण सुचवता तो उपाय आज मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर सांगते.

आधी आम्हा शहरी मतदारांचा दोष. 26 एप्रिल 2024 रोजी बंगळूर दक्षिण लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. बसवनगुडी याच मतदारसंघात येते. इथे सुमारे 53 टक्के मतदान झाले. त्याच दिवशी, इथून शंभरेक किलोमीटरवरच्या मंड्यात ते 81 टक्क्यांच्या पुढे गेले. बोटावरची शाई दाखवणाऱ्याला फुकट डोसा आणि फुकट प्रवास देऊ करण्याची वेळ बंगळूरच्या व्यावसायिकांवर आली होती. तो शुक्रवार होता. जोडून सुट्टी मिळाली म्हणून लोक बाहेरगावी निघून गेले, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. एका मताने काय होणार, असे म्हणणाऱ्यांना मी शेजारच्या जयनगरची आठवण करून देते. 2023 च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल अवघ्या 16 मतांनी लागला. इथल्या एखाद्या बेताच्या इमारतीतही याहून जास्त मतदार राहतात.

पण मंड्याचा शेतकरी जागरूक आणि बंगळूरचा निवृत्त कारकून बेजबाबदार, एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. गांधी बाजारात भाजी घेताना, लालबागेत सकाळी फिरताना लोक मतदानाबद्दल बोलतात, तेव्हा त्यात आळसापेक्षा दुखावलेपण जास्त असते. श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये निर्बंध घातले. ही बँक बसवनगुडीतली. ठेवीदारांत निवृत्तांचा भरणा मोठा. आयुष्यभराची पुंजी अडकलेली ही माणसे सभांना गेली, निवेदने दिली, आश्वासने ऐकली. त्यांच्यापैकी कुणी ‘आता मत कशाला देऊ?’ असे विचारले, तर गुजरातच्या कायद्यासारखी शंभर रुपयांच्या दंडाची पावती हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. लोकांचा विश्वास कुठे कुठे उडाला, ते एकेक करून मांडते.

पहिली तक्रार सर्वांत मोठी आहे. आम्ही मत द्यायला तयार असतो, तेव्हा आपण निवडणूकच घेत नाही. बृहत बंगळूर महानगरपालिकेची निवडणूक 22 ऑगस्ट 2015 रोजी झाली. त्या सभागृहाची मुदत 10 सप्टेंबर 2020 ला संपली. त्यानंतर एका अख्ख्या सभागृहाची मुदत भरेल इतकी, म्हणजे पाच वर्षे उलटून गेली, तरी या शहरात नगरसेवक नव्हता. कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सहा आठवड्यांत निवडणूक जाहीर करण्याचा आदेश दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. प्रभाग 198 होते, ते 243 ठरले, पुढे 225 झाले. या काळात राज्यात सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण निवडणूक काही झाली नाही. 2 सप्टेंबर 2025 रोजी एका पालिकेच्या पाच पालिका झाल्या आणि त्या पाचही प्रशासकाच्या हाती गेल्या. हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. नोव्हेंबर 2006 ते मार्च 2010 या काळातही शहराला निवडून आलेले सभागृह नव्हते.

या वर्षांत शहराचे व्यवहार थांबले नव्हते. गांधी बाजारच्या रस्त्याचे काम निघाले, फुले-फळे विकणाऱ्यांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. 2024 च्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले. एप्रिल 2025 पासून मालमत्ता कराबरोबर कचऱ्याचे शुल्क भरावे लागले. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या भुयारी रस्त्याचे एक तोंड लालबागेपाशी काढायची योजना आली, तेव्हा नागरिकांना रस्त्यावर उतरावे लागले. या प्रत्येक वेळी प्रभागातून निवडून आलेला, भर सभेत जाब विचारता येईल असा एकही माणूस आमच्याकडे नव्हता. कर आम्ही भरत होतो. निर्णय अधिकारी घेत होते.

महाराष्ट्रातल्या सदस्यांनी हे परराज्याचे प्रकरण समजू नये. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुण्याचीही त्याच सुमारास. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात राहिला आणि राज्यभरच्या महापालिका प्रशासकांकडे गेल्या. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 रोजी 29 महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबईत ते 53 टक्क्यांच्या आसपास राहिले. चार वर्षे ज्याला विचारलेच नाही, त्या मतदाराने एका दिवसात उत्साहाने रांगा लावाव्यात ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

राज्यघटनेचे कलम 243-यू सांगते की पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. हे कलम आणणारी 74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. किशनसिंग तोमर खटल्यात 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे सक्ती आजही आहे, आणि ती आपल्यावर आहे. ती मोडणाऱ्या सरकारला दंड करण्याची तरतूद मात्र कायद्यात नाही. अशा वेळी मतदाराला दंड करण्याची भाषा आमच्या मनाला लागते.

दुसरी तक्रार मतदार यादीची. हे भाड्याच्या घरांचे शहर आहे. माणूस राजाजीनगरातून बसवनगुडीत येतो, तिथून कनकपुरा रस्त्याला जातो, त्याचे नाव मात्र जुन्याच पत्त्यावर राहते. वारलेल्यांची नावे वर्षानुवर्षे निघत नाहीत आणि जिवंत माणसाचे नाव का गेले, याचे उत्तर मिळत नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये तर याच शहरात एका खासगी संस्थेने मतदार जागृतीच्या नावाखाली घरोघरी जाऊन लोकांची माहिती गोळा केल्याचे प्रकरण उघडकीस आले. निवडणूक आयोगाने दोन आयएएस अधिकाऱ्यांना निलंबित करायला लावले आणि शिवाजीनगर, चिकपेट, महादेवपुरा या मतदारसंघांच्या याद्या पुन्हा तपासायचा आदेश दिला. ऑगस्ट 2025 मध्ये महादेवपुऱ्याच्या यादीवरून देशभर आरोप-प्रत्यारोप झाले. त्यात कोण खरे, कोण खोटे, हा या पत्राचा विषय नाही. यादीबद्दल शंका आली तर ती सहज तपासता यावी, एवढेच माझे म्हणणे आहे. सक्तीचा कायदा झाला तर दंडाची नोटीस याच यादीवरून निघणार. घर सोडून गेलेल्याच्या, परदेशी असलेल्याच्या, कदाचित वारलेल्याच्याही नावाने.

तिसरी तक्रार पोटासाठी गाव सोडलेल्यांची आहे. यादगीर-रायचूरकडचे बांधकाम मजूर बंगळुरात इमारती उभारतात. त्यांचे नाव गावच्या यादीत. सांगली-साताऱ्याची मुले इथल्या कंपन्यांत नोकरी करतात. त्यांचे नाव घरच्या पत्त्यावर. बीडचे ऊसतोड कामगार कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबर 2024 ला होते आणि गळीत हंगामही त्याच सुमारास सुरू झाला. फडावर गेलेल्या जोडप्याने मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते. मतासाठी परत जायचे तर मजुरी बुडते आणि प्रवासाचा खर्च वेगळा. निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला. एका यंत्रावरून 72 मतदारसंघांचे मतदान होऊ शकेल असे ते होते. जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांना बोलावून त्याचे प्रात्यक्षिक ठेवले. पक्षांनी शंका काढल्या. त्यातल्या काही रास्तही होत्या. पण शंका दूर करून योजना पुढे न्यावी असा आग्रह फारसा कुणी धरला नाही. दूर राहणाऱ्याला मत देता यावे याची घाई नाही, आणि त्याने मत दिले नाही म्हणून शिक्षेची मात्र घाई आहे, हे मला पटत नाही.

चौथी तक्रार नाकारण्याच्या हक्काची. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2013 च्या निकालामुळे ‘नोटा’चे बटण आले. 2019 मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. 2024 मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात दोन लाखांवर लोकांनी तेच बटण दाबले. निकालावर परिणाम शून्य. सुरतेत तर त्याच वर्षी मतदानच झाले नाही. काही अर्ज बाद झाले, बाकीच्यांनी माघार घेतली आणि उरलेला बिनविरोध खासदार झाला. सुरतच्या लाखो मतदारांवर मतदानाची सक्ती असती, तर त्यांनी काय करायचे होते? महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी एक चांगला आदेश काढला होता: नोटाला सर्वाधिक मते पडली तर फेरनिवडणूक घ्यायची. ही दिशा योग्य होती. विधानसभा आणि लोकसभेपर्यंत ती न्यायला कायदा लागतो, आणि कायदा आपल्या हातात आहे.

पाचवी तक्रार दिलेल्या मताचे पुढे काय होते याची. 2019 मध्ये कर्नाटकात 17 आमदार सरकारविरुद्ध गेले, सरकार पडले. ते आमदार अपात्र ठरले, पण सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक लढवण्याची मुभा दिली आणि डिसेंबरात त्यांच्यातले बहुतेक दुसऱ्या पक्षातून पुन्हा उभे राहिले. महाराष्ट्रात 2022 मध्ये एक पक्ष फुटला, 2023 मध्ये दुसरा. मतदाराने ज्याच्या विरोधात मत दिले, त्याच्याच मांडीला मांडी लावून त्याचा आमदार बसला. यात कोणत्या एका पक्षाला मी बोल लावत नाही, सगळ्यांनी हे केले आहे. पक्षांतरबंदी कायदा 1985 पासून आहे आणि त्यातून वाट कशी काढायची हे सर्वांना पाठ झाले आहे. रांगेत उभे राहून दिलेले मत विश्वासात न घेता फिरवले जाते, तेव्हा पुढच्या वेळी माणूस घरी बसतो. त्याला उदासीन म्हणू नका. तो आधी रांगेत उभा होता.

आता सक्तीच्या अनुभवाकडे पाहू. गुजरात विधानसभेने 2009 मध्ये स्थानिक संस्थांसाठी सक्तीचे विधेयक मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठवले, विधानसभेने पुन्हा मंजूर केले, 2014 मध्ये संमती मिळाली, शंभर रुपये दंड ठरला आणि ऑगस्ट 2015 मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कर्नाटकानेही 2015 मध्ये ग्रामपंचायतीपुरते मतदान सक्तीचे केले, पण दंड ठेवला नाही. मुळात गावात त्या सक्तीची गरजच थोडी होती. तिथे सदस्य ओळखीचा असतो, काम दिसते, म्हणून लोक आपणहून येतात. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात सक्तीच्या मतदानाची शिफारस करायला नकार दिला. त्याआधी 1990 मध्ये दिनेश गोस्वामी समितीनेही ती अव्यवहार्य ठरवली होती.

आपण ऑस्ट्रेलियाचे उदाहरण देता. ते पूर्ण द्यावे ही विनंती. तिथे 1922 मध्ये साठ टक्क्यांच्या आत मतदान झाले. 1924 मध्ये सक्तीचा कायदा आला आणि 1925 मध्ये ते 91 टक्क्यांवर पोहोचले. आजही नव्वदीच्या आसपास असते. दंड 20 डॉलरचा. पण तिथे मतदान शनिवारी असते. आधी जाऊन किंवा टपालाने मत देता येते. स्वतःच्या राज्यातल्या कोणत्याही मतदान केंद्रावर मत देता येते. सोय इतकी भक्कम आहे की न येणाऱ्याला कारण विचारण्याचा नैतिक अधिकार तिथल्या सरकारला मिळतो. आपल्याकडे 85 वर्षांवरील नागरिकांना आणि अपंगांना 2024 मध्ये घरून मतदानाची मुभा मिळाली. ते स्वागतार्ह आहे. पण गवंडीकाम करणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला अजून काहीच मिळालेले नाही.

बसवनगुडीत बुल टेंपल रोडवर गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नडचे थोर लेखक डी. व्ही. गुंडप्पा यांनी 1945 मध्ये ती स्थापन केली आणि तिला नाव दिले आमच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. सक्तीचा प्रश्न गोखल्यांपुढेही आला होता. मार्च 1911 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीसाठी शिक्षा ठेवायला त्यांचा विरोध नव्हता, विधेयकात ती होती. पण त्यांनी एक अट घातली: ज्या भागात ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जाऊ लागली आहेत, तिथेच सक्ती लागू व्हावी. आणि महिना दहा रुपयांपेक्षा कमी मिळकत असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये. शाळा नसलेल्या गावातल्या बापाला मुलगा शाळेत न घातल्याबद्दल दंड करणे अन्यायाचे आहे, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. 1912 मध्ये ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी पडले, तरी त्यामागचा क्रम बरोबर होता. आधी सोय, मग सक्ती. मतदानालाही हाच क्रम लावा, एवढेच माझे मागणे आहे.

म्हणून या विनंत्या करते.

एक. पालिकेची किंवा पंचायतीची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक न घेणाऱ्या सरकारवर कायद्याने परिणाम होईल अशी तरतूद करा. प्रभागरचना आणि आरक्षण ठरवण्याचे काम मुदतीच्या एक वर्ष आधी संपवण्याचे बंधन घाला. हे काम सरकारकडून काढून राज्य निवडणूक आयोगाकडे द्या.

दोन. मतदार यादी तपासण्याजोग्या स्वरूपात खुली ठेवा. नाव काढण्यापूर्वी त्या माणसाला लेखी कळवा आणि घर बदलल्यावर नाव हलवणे गॅस जोडणी हलवण्याइतके सोपे करा.

तीन. दूरस्थ मतदानाचा विषय पुन्हा हाती घ्या. सर्व पक्षांच्या शंका मांडून घ्या, त्यांना उत्तरे द्या आणि निदान एका राज्यांतर्गत पोटनिवडणुकीत प्रयोग करा.

चार. नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक, आणि एकच उमेदवार उरला तरी त्याच्याविरुद्ध नोटा असे मतदान, असा कायदा करा.

पाच. मुदतीच्या मध्ये पक्ष सोडणाऱ्या सदस्याला त्या सभागृहाच्या उरलेल्या मुदतीत मंत्रिपद किंवा पुन्हा उमेदवारी मिळू नये, अशी दुरुस्ती करा. तिचा पहिला फटका आपल्याला बसेल हे मला माहीत आहे. म्हणूनच ती आपण केलीत तर लोक विश्वास ठेवतील.

माझ्यासारख्या मतदारांनाही याच पत्रातून सांगते: वरच्या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या घरी बसण्याचे कारण होऊ शकत नाहीत. न येणाऱ्यांची तक्रार मोजणीत येत नाही. 2024 च्या लोकसभेला 97 कोटींहून अधिक मतदारांपैकी साडेचौसष्ट कोटींच्या आसपास लोकांनी मत दिले, बाकीचे का आले नाहीत हे कुठेच नोंदले गेले नाही. रागावला असाल तर जाऊन नोटा दाबा. प्रभागाची बैठक असेल तर तिथे उभे राहून बोला. यादीत आपले नाव निवडणूक लागण्याआधीच पाहून ठेवा.

महोदय, या पाच गोष्टी झाल्या आणि त्यानंतरही या शहरातले निम्मे लोक घरी बसले, तर सक्तीचे विधेयक जरूर आणा. तेव्हा मी आपल्या बाजूने लिहीन. तोपर्यंत अधिवेशनात सक्तीवर बोलायला आपण उभे राहाल, त्या दिवशी आपल्या मतदारसंघातल्या पालिकेची मुदत कधी संपली आणि पुढच्या मतदानाची तारीख कोणती, हे दोन दिनांक आधी सभागृहाला वाचून दाखवा.



आपली,
बसवनगुडीतील एक मराठी मतदार
बंगळूर 560004